भात, घेवडा आणि एक प्रश्न

ब्राझीलमध्ये शिकायला गेलेल्या मुलांना तिथले रोजचे जगणे कळू लागते ते विद्यापीठाच्या स्वस्त खानावळीत. दुपारचे जेवण मुख्य. ताटात भात आणि राजम्यासारखा शिजवलेला घेवडा. घरची आठवण यावी असेच! पण या घेवड्यात चवीसाठी पुष्कळदा डुकराचे मांस घालतात, आणि शनिवारची पारंपरिक 'फेजोआदा' तर त्याशिवाय होतच नाही. म्हणून पोर्तुगीजमधला पहिला प्रश्न पाठ करावा तो 'तें पोर्कू?', म्हणजे यात डुक्कर आहे का? विचारण्यात संकोच कसला?

हलाल कोंबडी जगाला पाठवण्यात ब्राझील आघाडीवर, पण कोपऱ्यावरच्या दुकानात ती शोधावी लागते. साओ पावलोसारख्या शहरात मशिदीत चौकशी करावी.

भाषा मात्र वाटते तितकी परकी नाही. तांदूळ 'अरोज', जैतुनाचे तेल 'अझेइती'. दोन्ही शब्द अंदलूसच्या काळात अरबीतून आलेले. 'असे होवो' या अर्थी 'ओशाला' म्हणतात, त्यात तर अल्लाहचेच नाव दडले आहे.

सीरिया-लेबनॉनहून आलेल्या कुटुंबांनी रुजवलेली 'इस्फीहा' आता गल्लोगल्ली मिळते. मांसाची टाळावी, चीजची किंवा पालकाची मागावी, गरम असतानाच.