काजळी गाडीतच जळते, पण केव्हा?

ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातल्या दर्पण कॉलनीतून निघणाऱ्या डिझेल गाडीची रोजची धाव बहुधा आखूड असते. एका अंगाला मुरार, दुसऱ्या अंगाला रेल्वे स्थानक आणि फूलबाग, त्यापुढे लष्कर आणि महाराज बाडा. सगळी कामे काही किलोमीटरच्या आत होतात, तीही गर्दीतून, थांबत थांबत. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर एके दिवशी डीपीएफचा, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा, दिवा लागला की लोक दोन निष्कर्ष काढतात: बीएस-६ गाड्याच नाजूक, किंवा हा फिल्टर आपल्या हवेला मानवत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. ऑइल फिल्टर जसा भरला की बदलायचा, तसाच हाही असेल, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात डीपीएफची घडणच भरण्यासाठी आणि चालत्या गाडीत पुन्हा रिकामा होण्यासाठी केलेली आहे. त्याला त्यासाठी ठरावीक तापमान आणि सलग वेळ हवा असतो, आणि शहरी वापरात नेमके तेच मिळत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली, आणि कणांच्या संख्येवरही मर्यादा पडली. फिल्टरशिवाय हे साधत नाही. डीपीएफ म्हणजे सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा. त्यात हजारो बारीक नळ्या असतात आणि शेजारच्या नळ्या आलटून पालटून विरुद्ध टोकांना बंद केलेल्या असतात. धूर एका नळीत शिरतो, भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीतून बाहेर पडतो आणि काजळी भिंतीवर अडकते. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब सेन्सर मोजतो. त्यावरून आणि गाडी कशी चालली याच्या हिशेबावरून इंजिनाचा संगणक काजळीचा अंदाज बांधतो.

ही काजळी नुसत्या उष्णतेने पेटायला सुमारे ६०० अंश सेल्सियस लागतात. म्हणून ‘ग्वाल्हेरच्या मे महिन्यात फिल्टर आपोआप साफ होत असेल’ हा तर्क टिकत नाही. ४५ अंशांची दुपार त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचत नाही. उलट उन्हाळ्यात एसीसाठी उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले जाते. तेव्हा काजळी तयार होत राहते आणि धूर मात्र ती जाळण्याइतका तापत नाही. सफाईचे मार्ग दोन. हमरस्त्यावर इंजिनावर पुरेसा भार असताना धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड साधारण अडीचशे ते चारशे अंशांच्या दरम्यान काजळी हळूहळू जाळत राहतो. भिंड रस्त्याने रोज मालनपूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाडीला याचा मोठा लाभ मिळतो. तेवढे पुरले नाही तर संगणक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल उशिरा फवारतो, ते पुढच्या उत्प्रेरकात जळते आणि फिल्टरपाशी तापमान सहाशेच्या आसपास नेते. या दुसऱ्या प्रक्रियेला बहुतेक गाड्यांत दहा ते वीस मिनिटे लागतात. मधेच इंजिन बंद केले की ती अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा तापवण्यापासून सुरुवात होते. काही किलोमीटरच्या फेरीत ती पुरी होणार तरी कशी?

मग गाडी शंभर-सव्वाशेने पळवायची का? हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो धोक्याचा आहे. धुराचे तापमान वेगाच्या काट्यावर ठरत नाही, इंजिनाच्या भारावर आणि फेऱ्यांवर ठरते. बहुतेक गाड्यांना साठ-सत्तरचा स्थिर वेग, एक गियर खाली आणि फेरे दोन हजारांच्या आसपास किंवा थोडे वर, एवढे पुरते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर डबऱ्याच्या किंवा मुरैनाच्या दिशेने अशी वीस मिनिटे सहज मिळतात. हिवाळ्यातल्या दाट धुक्यात मात्र यासाठी निघू नये. दिवस वर येऊ द्यावा.

‘शेवटी ती काजळी हवेतच सोडायची, तर मग उपयोग काय?’ या आक्षेपाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. काजळी प्रामुख्याने कार्बन असते आणि जळल्यावर तिचा कार्बन डायऑक्साइड होतो. फुप्फुसात रुतणारा कण उरत नाही. सफाई चालू असताना आणि नंतर थोडा काळ सूक्ष्म कण काहीसे जास्त निसटतात हे खरे, कारण भिंतीवरचा काजळीचा थरही गाळण्याला मदत करत असतो. पण शेकडो किलोमीटर अडवलेल्या काजळीपुढे ती गळती किरकोळ आहे.

खरा आणि फारसा न बोलला जाणारा धोका इंजिन ऑइलमध्ये आहे. उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतो. सफाई वारंवार अर्धवट राहिली की असे प्रयत्न वाढतात, ऑइल पातळ होते आणि डिपस्टिकवरची पातळी चढते. ऑइल कमी होत नाही म्हणजे इंजिन ठणठणीत, असा अर्थ इथे लावू नये. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर ऑइल बदलायलाच हवे. पातळ ऑइल टर्बो आणि बेअरिंग खाते. टाकीत डिझेल अगदी तळाला असेल तर अनेक गाड्या सफाई सुरूच करत नाहीत. थोडे थोडे डिझेल भरत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते ती मुख्यतः ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त अशा घटकांतून, आणि ती फिल्टरमध्ये कायम साठते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे ऑइलच घालावे. स्वस्तातल्या भलत्या ऑइलने फिल्टरचे आयुष्य घटते आणि मग कितीही लांब फेरी मारली तरी फरक पडत नाही. ॲडब्लूचा या सफाईशी संबंध नाही. ते युरियाचे द्रावण नायट्रोजन ऑक्साइड कमी करते, काजळीला हात लावत नाही.

राहिला फिल्टर काढून टाकण्याचा ‘उपाय’. आतला ठोकळा फोडून संगणकाचा प्रोग्रॅम बदलला की दिवा विझतो, हे खरे. पीयूसीतही अशी गाडी निभावून जाऊ शकते, कारण तिथे धुराचा काळेपणा मोजतात, कणांची संख्या नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने हा बेकायदा बदल आहे आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्यापेक्षाही मोठे कारण हवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत पीएम २.५ च्या पातळीत ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते. इथे रस्त्यावरची धूळ मोठा वाटा उचलते, मग एका गाडीचे काय, असे कोणी म्हणेल. धुळीचे बरेच कण जाड असतात. डिझेलची काजळी मायक्रॉनहून कितीतरी लहान असते आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला आहे. ज्या गल्लीत आपली मुले खेळतात तिथेच फिल्टर फोडलेली गाडी सुरू करणे मला कोणत्याही हिशेबात बसत नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: नुसता फिल्टर साफ करायला डिझेल जाळत हिंडायचे का? दर वेळी तशी गरज नसते. उभ्या गाडीतही इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा वर राहणे, पंखा जोरात चालू असणे, स्टार्ट-स्टॉप बंद पडणे, तात्कालिक मायलेज एकदम उतरणे ही सफाई चालू असल्याची चिन्हे आहेत. ती दिसली की चालू फेरीच दहा-पंधरा मिनिटे लांबवावी आणि थांबलोच तर वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये. दिवा स्थिर असेल तर त्याच दिवशी महामार्गाची एक फेरी करावी. वीस-पंचवीस किलोमीटरला लागणारे दीड लिटर डिझेल नव्या फिल्टरच्या किमतीपुढे काहीच नाही. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी ओढत नसेल तर फेरीची वेळ टळून गेलेली असते. तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून सक्तीची सफाई करून घ्यावी.

आणि ज्यांची गाडी वर्षभर थाटीपूर, मुरार आणि लष्कर यांच्या पलीकडे जातच नाही, त्यांनी पुढची गाडी डिझेलची घेऊ नये.