खरखर रेडिओत, बिघाड मोटरीत

व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला की जवळच्या मीडियम वेव्ह रेडिओवर खरखर येते. ती पूर्वीपेक्षा वाढली असेल, तर आपण मोटर तपासायला हवी.

या मोटरीत कार्बनचे दोन ब्रश स्प्रिंगच्या दाबाने फिरत्या कम्युटेटरवर टेकलेले असतात. त्यांतून वीज गुंडाळ्यांत जाते. ब्रश झिजून आखूड झाले की दाब कमी पडतो, स्पर्श क्षणोक्षणी तुटतो आणि ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगीतून अनेक वारंवारतांच्या रेडिओलहरी निघतात. तीच ही खरखर.

दुरुस्तीपूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. प्रथम धुळीची पिशवी व गाळणी साफ करू, कारण बहुतेक घरगुती यंत्रांत खेचलेली हवाच मोटरीला थंड ठेवते. मग आवरण उघडून ब्रश पाहू. ते आखूड वा तुटके असल्यास त्याच मापाची जोडी बसवावी. एकच बदलू नये. कम्युटेटर कोरड्या कापडाने पुसावा. तरीही त्याभोवती ठिणग्यांचे कडे दिसले, तर गुंडाळीत दोष असण्याचा संभव असतो. ते काम वाइंडिंगच्या कारागिराचे.

जुन्नर-आंबेगावकरांना याचे महत्त्व अधिक. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी आकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी टिपते. ठिणग्यांचा गोंगाट तिलाही अडथळाच!

वर्गात हे दाखवायचे तर व्हॅक्यूम क्लीनर उघडू नये. खेळण्यातली, सेलवर चालणारी मोटर रेडिओजवळ धरली की पुरे.