धावतो, पण जागचा हलत नाही!

स्पीडोमीटरचा काटा दीडशेकडे निघालाय. इंजिन गुरगुरतंय, मागची चाकं गरगर फिरतायत, सीट थरथरतेय. आणि समोरच्या काचेतून पाहावं, तर मघाशी होती तीच भिंत, तेच कॅलेंडर, त्यावरची तीच तारीख! गाडी तसूभरही पुढे सरकलेली नाही.

स्वप्न नाही हं हे. अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजांमध्ये असा प्रकार रोज चालतो. तिथल्या लोकांना पिकअप ट्रकचं भारी वेड. पुढे बसायला केबिन आणि मागे उघडा हौदा, तो पिकअप. आपल्याकडे त्यातून भाजीच्या जुड्या आणि सिमेंटच्या गोण्या जातात. तिकडे लोक त्यातून मुलांना शाळेतही सोडतात. आणि पिकअप घेतला की त्याला हात लावल्याशिवाय काहींना चैनच पडत नाही. मोठा टर्बो बसव, इंजेक्टर बदल, सायलेन्सरचा पाइप रुंद कर!

समजा, एकाकडे 1989 सालचा डॉज रॅम आहे. त्यात कमिन्सचं 5.9 लिटरचं डिझेल इंजिन. (कमिन्स हे नाव पुण्याच्या वाचकांनी कोथरूडमध्ये पाहिलेलं असेलच.) कंपनीतून बाहेर पडताना या इंजिनाची ताकद होती 160 अश्वशक्ती. मालकानं त्यात बरीच खटपट केली आणि आता तो सांगत सुटलाय, ‘माझ्या ट्रकात 400 घोडे आहेत!’ शेजारी म्हणतो, ‘बाता मारू नकोस.’

आता घोडे मोजायचे कसे? बॉनेट उघडून तर दिसत नाहीत!

आधी हे घोडे आले कुठून, ते पाहू. आपल्याकडे तेलाच्या घाण्याला बैल जुंपत, तसे इंग्लंडमध्ये गिरणीच्या चाकाला घोडे जुंपत. जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिनं विकायची होती. गिऱ्हाईक विचारी, ‘हे किती घोड्यांचं काम करेल?’ मग वॅटनं हिशेबच मांडला. चाकाची त्रिज्या 12 फूट, घोडा तासाला 144 फेऱ्या मारतो, 180 पौंडांच्या जोरानं ओढतो. त्यावरून त्यानं ठरवलं की एक घोडा मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम करतो. तुमच्या पुस्तकात असतं ना, 1 अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट? ते हेच. गंमत म्हणजे खरा घोडा काही क्षणांपुरता जवळजवळ 15 अश्वशक्ती लावू शकतो! दिवसभर राबायचं असेल, तेव्हा मात्र एकच.

म्हणजे नुसता जोर मोजून भागत नाही. तो जोर किती भरभर काम करतो, तेही मोजायला हवं. त्यासाठी लागतो डायनॅमोमीटर. गॅरेजवाले त्याला लाडानं ‘डायनो’ म्हणतात.

ट्रक डायनोवर चढवतात, म्हणजे त्याची मागची चाकं जमिनीत बसवलेल्या एका जाडजूड पोलादी रोलरवर आणून ठेवतात. मग दणकट पट्ट्यांनी ट्रक चारी बाजूंनी जमिनीला करकचून बांधतात. पट्टा तुटला, तर भिंत आणि कॅलेंडर दोन्ही गेलं! समोर भलामोठा पंखा लावतात, कारण रस्त्यावर पळताना लागणारा वारा इथे नसतो आणि इंजिन तापून लाल व्हायचं. सगळे बाजूला झाले की ड्रायव्हर ठरावीक गिअर टाकतो आणि अॅक्सिलरेटर पार खाली दाबतो. चाकं रोलरला फिरवू लागतात. दहा-पंधरा सेकंदांत खेळ खलास.

पण यातून ताकद कशी कळली?

बागेतली ती गोल चक्री आठवा. तीत चार मित्रांना बसवा आणि तुम्ही ढकला. जोरात फिरायला लागेपर्यंत, धरा, दहा सेकंद गेले. मग तुमचा दादा आला आणि त्यानं चार सेकंदांतच तेवढा वेग आणला. जोर कोणाचा जास्त? सांगायलाच नको. चक्री तीच, मित्र तेच, फरक फक्त वेळेचा. रोलर म्हणजे हीच चक्री. त्याचं वजन आणि आकार आधीच माहीत असतो. तो दर क्षणाला किती वेगानं फिरतोय, ते कॉम्प्युटर टिपत राहतो. जड रोलरचा वेग इतक्या झटक्यात वाढला, म्हणजे चाकांनी एवढा जोर लावला असणार, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या जातीचा डायनो अडवून मोजतो. पंजा लढवताना समोरचा किती ताकदवान, हे कसं कळतं? आपण उलटा जोर लावतो तेव्हाच ना? 1821 मध्ये गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरनं इंजिनाच्या फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी आवळलं. घर्षणामुळे ठोकळे दांड्याबरोबर फिरू पाहात, पण त्यांना जोडलेल्या लांब दांडीला वजन टांगून तो त्यांना थोपवून धरी. किती वजनानं थोपलं, त्यावरून दांड्याचा पीळ कळे. त्या पिळालाच आपण टॉर्क म्हणतो. अडचण एकच, ठोकळे तापायचे! पुढे विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरनं लाकडाऐवजी पाण्याकडून अडवून घेतलं. आता तर चुंबक अडवतो, तोही न शिवता! तांब्याच्या जाड नळीतून एखादा जोरदार चुंबक सोडून पाहा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी तो दगडासारखा धाडकन पडत नाही, तरंगत तरंगत खाली येतो. नळीत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह तयार होतात आणि ते त्याला रोखतात. डायनोत धातूची चकती फिरते आणि शेजारचे विद्युतचुंबक तिला असंच रोखतात.

आता ट्रककडे येऊ. प्रिंटरमधून आलेख बाहेर आला. त्यावर दोन रेषा, एक टॉर्कची आणि एक अश्वशक्तीची. अमेरिकन मापांत एक मजा आहे. या दोन्ही रेषा इंजिनाच्या मिनिटाला 5,252 फेऱ्या झाल्या की एकमेकींना छेदतातच. ट्रक कुठलाही असो! कारण तिथे अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या, भागिले 5,252. आपला डिझेल बाबा मात्र संथ गड्यांतला. मूळ इंजिन 160 अश्वशक्ती देतं तेच 2,500 फेऱ्यांना. 5,252पर्यंत तो पोचतच नाही, त्यामुळे त्याच्या आलेखात रेषा भेटतच नाहीत.

आकडा आला 340. मालकाचं तोंड उतरलं. पण थांबा, त्याची सगळीच चूक नाही. इंजिनाची ताकद गिअरबॉक्स, लांब दांडा, मागचा डिफरेन्शियल आणि टायर अशी फिरत फिरत रस्त्यापर्यंत येते. पाटाचं पाणी शेताच्या टोकाला पोचेपर्यंत वाटेत थोडं मुरतंच, तशी साधारण दहा-पंधरा टक्के ताकद वाटेत उष्णता होऊन जाते. डायनो मोजतो ती चाकाशी उरलेली. म्हणजे इंजिनाजवळ 400च्या आसपास असेलही!

हवामानही लबाडी करतं. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून 1,609 मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम 37 मीटर खाली. तिथली हवा विरळ, ऑक्सिजन कमी. बिनटर्बोचं इंजिन तिथे धापा टाकतं. टर्बो हवा कोंबून आत भरतो, म्हणून त्याला फारसा फरक पडत नाही. बिनटर्बोच्या इंजिनावर अन्याय नको, म्हणून डायनोवर आकड्यात हवेची दुरुस्ती करून देतात. ती दुरुस्ती टर्बोच्या ट्रकलाही सरसकट लावली, की त्याच्या पदरात न कमावलेले घोडे पडतात. माझं विचाराल, तर वेगवेगळ्या गावांतल्या डायनोंचे आकडे घेऊन भांडण्यात अर्थ नाही. एकाच डायनोवर, बदल करण्याआधी आणि नंतर मोजा. आणि काळा धूर म्हणजे ताकद, असं समजणाऱ्यांना सांगा, तो धूर म्हणजे नीट न जळलेलं, फुकट गेलेलं डिझेल.

आपल्याकडेही डायनो आहेत बरं का. पुण्यात वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही 1966 साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथे गाड्या अशाच रोलरवर धावतात. ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते आणि त्या रेघेबरहुकूम त्याला गाडी चालवावी लागते, अगदी व्हिडिओ गेमसारखी. मागे नळी लावून धूर गोळा करतात आणि तपासतात.

तुमचा डायनो मात्र तुमच्या घरातच आहे. जिना! इथे रोलरऐवजी तुमचंच वजन तुम्हाला अडवतं. एका पायरीची उंची मोजा आणि पायऱ्यांच्या संख्येनं गुणा. मित्राला घड्याळ धरायला सांगा आणि भराभर चढा, पण कठडा धरून. वजन किलोत, उंची मीटरमध्ये. दोन्हींचा गुणाकार करा, त्याला सेकंदांनी भागा आणि आलेल्या उत्तराला 75 नं भागा. 30 किलोची मुलगी 3 मीटर उंच जिना 6 सेकंदांत चढली, तर उत्तर येतं 0.2. अशा पाच मुली म्हणजे एक घोडा! तुमचा आकडा किती आला, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा. आणि हो, तो जेवणाआधीचा की नंतरचा, तेही लिहा.