उतरता येईल तेवढंच चढावं

मे महिना आला की पुण्यातल्या सोसायट्यांना आपली झाडं आठवतात. गुलमोहराची फांदी पावसात गाडीवर पडेल, पर्जन्यवृक्ष गच्चीवर टेकलाय, नारळाची झावळी पोरांच्या डोक्यात येईल. मग कुणीतरी कुणाला तरी बोलावतं. तो येतो, कमरेला कोयता, खांद्यावर दोर, पाय अनवाणी. बघता बघता शेंड्याला पोचतो आणि खालची मंडळी माना वर करून म्हणतात, ‘काय चढतो हो!’ चढतो झकास, यात शंकाच नाही. पण त्याच्या खांद्यावरचा दोर फांदी बांधून खाली सोडण्यासाठी असतो. त्याच्या स्वतःसाठी दोर नसतो.

मीही हेच काम करते, फक्त दोर आधी स्वतःला बांधते. हे शिकवणारी शाळा मला जवळपास सापडली नाही. सह्याद्रीतल्या कातळांवर चढायची सवय होती, म्हणून हार्नेस आणि गाठी ओळखीच्या होत्या. बाकीचं पुस्तकांतून, परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघून आणि मामांकडून शिकले. मामा म्हणजे माझे खालचे जोडीदार. त्यांचं उभं आयुष्य कोयता घेऊन झाडांवर गेलं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते खाली उभे राहायला लागले. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “ताई, जेवढं उतरता येतं तेवढंच चढायचं.”

कातळावर शिकलेल्या माणसाला झाडावर एक गोष्ट आधी विसरावी लागते. कातळावरचा दोर ताणला जाणारा असतो. चढणारा पडतो, दोर लांबतो आणि झटका पोटात घेतो. झाडावरचा दोर जेमतेम ताणतो. तिथे पडायला मुभाच नाही. दोर कायम तुमच्या वरच्या फांदीवरून आलेला हवा आणि त्यात ढील नको. दोर अडकवलेल्या फांदीच्या वर चढलात, की त्या दोराचा भरवसा संपला. हार्नेसही वेगळा लागतो. त्याचा पट्टा रुंद असतो, कारण तासन् तास त्यात बसून काम करायचं असतं, आणि बाजूंना कड्या असतात, खोडाभोवतीचा आखूड दोर अडकवायला.

या चढाईचा जीव एका गाठीत आहे. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं १९३१ साली एक गाठ मांडली. बारीक दोरीचे वेढे जाड दोराभोवती घ्यायचे. वजन पडलं की ते आवळतात आणि वजन काढलं की सरकतात. झाडांवर काम करणाऱ्यांनी पुढे याच जातीच्या बऱ्याच गाठी आपल्याशा केल्या. त्यांतली ‘ब्लेक्स हिच’ नवशिक्याला सोयीची पडते. वेगळी दोरी लागत नाही, चढण्याच्या दोराच्या शेपटानंच ती बांधता येते. वर जाताना गाठ पुढे सरकवायची, खाली येताना तिच्या डोक्यावर हातानं हलका दाब द्यायचा.

धोका नेमका इथेच आहे. घाबरलेला माणूस हाताला येईल ते घट्ट पकडतो. त्यानं गाठच पकडली, तर गाठ सुटते आणि तो आणखी वेगानं खाली येतो. मुठी आवळल्या की अजून वेगानं. त्या क्षणी हात सोडायला हवा, आणि माणसाच्या अंगात नेमकी याच्या उलट सवय मुरलेली असते. ती मोडायची तर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. मी आंब्याच्या खालच्या फांदीला दोर बांधून पाय उचलायचे, उतरायला लागायचे, आणि मामा मध्येच टाळी वाजवायचे. टाळी वाजली की हात सोडायचा. हात आपोआप सुटायला लागेपर्यंत त्यांनी मला वर जाऊ दिलं नाही. भरभर उतरण्याची हौसही तिथेच जिरली. जोरात घसरलं की घर्षणानं दोरी तापते आणि नायलॉन वितळून काचेसारखं गुळगुळीत होतं. अशी दोरी पुढच्या वेळी धरेलच असं नाही. दोराच्या मोकळ्या टोकाला एक जाड गाठ मारून ठेवायची, म्हणजे दोर संपला तरी आपण त्यातून निसटत नाही.

मग प्रश्न येतो, दोर वर जातो कसा? तीन-चारशे ग्रॅम वजनाची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून हव्या त्या बेचक्यातून भिरकावतात आणि तिच्या मागून मुख्य दोर ओढून घेतात. पुढे दोन वाटा आहेत. पहिलीत दोराची दोन्ही टोकं चढणाऱ्याकडेच येतात आणि दोर फांदीवरून फिरत राहतो. एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, पण फांदीवर भार आपल्या वजनाइतकाच पडतो. दोर घासून साल सोलवटू नये म्हणून मध्ये नळी किंवा कड्या बसवतात. दुसरीत एक टोक खोडाच्या बुडाशी पक्कं करून दुसऱ्या टोकानं चढायचं. हे सोपं, पण बेचक्यावर भार जवळजवळ दुप्पट होतो. ७० किलोचा माणूस लोंबकळला की फांदीला १४० किलो जाणवतात.

तरीही शिकण्याच्या काळात मी दुसरी वाट धरली, कारण बुडाशी दोर सोडता येईल असं उपकरण लावलं तर मी वर बेशुद्ध पडले तरी मामा मला खालून उतरवू शकतात. त्यासाठी दोर उंचीच्या तिप्पट लागतो. १२ मीटरवरच्या बेचक्यासाठी ३६ मीटरपेक्षा जास्त. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि थोड्याच वेळात जिवावर बेतू शकतं. अग्निशमन दलाची वाट बघायला वेळ नसतो. म्हणून चढाईआधी आम्ही एकदा मला मुद्दाम निर्जीव लोंबकळत ठेवतो आणि मामा उतरवतात. पूर्वी त्यांना याचं हसू यायचं, आता ते स्वतःच आठवण करतात.

फांदी दुप्पट भार सोसेल की नाही, हे ठरवायला झाड ओळखावं लागतं. शेवगा आणि जांभूळ यांच्या फांद्यांवर विसंबू नये, हे गावाकडच्या पोरांनाही ठाऊक असतं. गुलमोहर हिरवागार दिसत असतानाच कडाड्कन मोडतो. चिंच चिवट. मी आधी झाडाभोवती चक्कर मारते. बुडाशी कठीण, फळीसारखी बुरशी उगवली असेल तर मुळं कुजत असण्याचा संभव असतो. खोडाला गळ्यापर्यंत काँक्रीट भरलेलं असेल तर मुळांचं काय झालंय ते दिसतच नाही. विजेच्या तारा फांद्यांतून गेल्या असतील तर महावितरणनं प्रवाह बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि दुर्बिणीतून आग्या मोहोळ शोधायचं. एका माशीनं डंख मारला की त्याच्या वासानं बाकीच्या धावून येतात, आणि दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते. यांतलं काहीही खटकलं तर मी चढत नाही.

करवत हातात आली की नियम आणखी कडक होतात. ताणलेल्या दोराला धारदार पात्याचा नुसता स्पर्शही पुरतो. त्यामुळे कापताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचं, मुख्य दोर एक आणि खोडाभोवतीचा आखूड दोर दुसरा. पोलादी काटे लावलेले बूट आम्ही पाडायच्याच झाडावर वापरतो. जगणाऱ्या झाडाला प्रत्येक पावलागणिक जखम करायची नाही.

जखमेवरून अॅलेक्स शायगो आठवतात. अमेरिकेच्या वनखात्यातल्या या शास्त्रज्ञानं असंख्य झाडं उभी चिरून आतली कूज अभ्यासली. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी दाखवलं, की झाड जखम भरून काढत नाही. ते तिच्याभोवती भिंती घालून कुजलेला भाग कोंडतं. फांदी जिथून फुटते तिथल्या फुगीर कड्याला म्हणूनच फार महत्त्व. खोडालगत सपाट कापलं की तेच कडं जातं. योग्य छाटणीत तीन काप असतात. खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण काप, म्हणजे फांदी पडताना साल खाली सोलत नेत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याच्या बाहेरून काढायचा. वर डांबर फासून कूज थांबत नाही.

शहरात एवढं सगळं करण्याआधी कागद लागतो. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची व्यवस्था आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. सोसायटीचे चेअरमन ‘दोनच फांद्या आहेत हो, करून टाका’ म्हणतात, तेव्हा मी परवानगीची प्रत मागते. काही जण दुसऱ्याला बोलावतात.

दुसरा स्वस्तात येतो, हे खरं. त्याच्या हिमतीला मी नावं ठेवणार नाही. मामा त्याच हिमतीवर जगले, आणि त्यांच्याबरोबरचे सगळेच काही म्हातारे झाले नाहीत. फक्त यंदा तुमच्या दारात कुणी झाड छाटायला आलं, तर भाव ठरवण्याआधी त्याला एवढं विचारा, “वर तुला भोवळ आली तर खाली कोण आणणार, आणि कसं?” उत्तर देता आलं नाही, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. हार्नेस आणि दोर यांचा खर्च सोसायटीनं वाटून घेतला तरी चालेल. झाडाला पुढच्या मेपर्यंत थांबता येतं.