फुलदाणीचा तळ बघा!

बालमित्रांनो, घरातली फुलदाणी कधी उलटी करून बघितली आहे का? (आधी आतलं पाणी ओता हं, नाहीतर बोलणी मला बसतील!)

आमच्या शिवऱ्यातल्या चौथीच्या एका मुलीने मागच्या दिवाळीनंतर टॉवेलात गुंडाळून एक फुलदाणी शाळेत आणली. बाहेर जाड बिनरंगी काच, तिच्या आत निळी आणि मधोमध हिरवट. तिचे आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते, त्यांनी ती चोरबाजारातून आणलेली. भंगारवाला पन्नास रुपये आणि वर एक स्टीलची वाटी द्यायला तयार होता. "बाई, पन्नास बरोबर आहेत का हो?"

किंमत नंतर. आधी वस्तू कुठली, कशी बनली, ते पाहायचं.

आम्ही ती खिडकीशी धरली. साच्यात दाबून केलेल्या भांड्याच्या कडेने बहुधा वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ जाते. बोट फिरवलं की लागते. इथे रेघ नव्हती. पण तेवढ्यावरून 'हाताने केलेली' म्हणू नका, कारण पुन्हा तापवून ती रेघ घालवताही येते. मग तळ पाहिला. मधोमध खरखरीत वण! कारागीर नळीने फुंकून काच फुगवतो, मग तळाला लोखंडी कांब चिकटवून तोंड घडवतो. शेवटी कांब तोडली की असा वण राहतो. काही जण तो घासून गुळगुळीत करतात. तळाच्या कडेवर बारीक ओरखडेही होते, वेडेवाकडे, वाटेल त्या दिशेला. वर्षानुवर्षं फळीवर सरकत राहिलेल्या वस्तूला असेच पडतात. सगळे ओरखडे एकाच दिशेला सरळ दिसले, तर कुणीतरी सँडपेपर मारून नवीन वस्तू 'जुनी' केली असेल, बरं का! आणि काचेत बुडबुडे आहेत म्हणजे ती जुनीच, असंही नाही. ते आजही मुद्दाम सोडतात.

असा एका रंगात दुसरा रंग बुडवलेला नमुना १९५० च्या सुमारास इटलीतल्या मुरानो बेटावर फार गाजला. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिस शहरातल्या काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या होत्या. पण मुरानोची नक्कल पुष्कळ देशांनी केली. म्हणून दुकानदार म्हणाला 'मुरानो', की लगेच मान डोलवायची नाही. पुरावा मागायचा. पुरावा म्हणजे तळाशी कोरलेली सही, नाहीतर कागदाची चिकटपट्टी.

इथे मला माझीच फजिती सांगावी लागेल. आमच्या घरीही एक लाल फुलदाणी आहे. एका दिवाळीत मी ती गरम पाण्यात सोडा टाकून बुडवून ठेवली. तळाचा चंदेरी कागद विरघळून गेला! वर काय छापलं होतं ते मी कधी वाचलंच नव्हतं. पुढे जाणकाराला दाखवली तर तो हळहळला. चिरा नाही, टवका नाही, पण नाव गेलं आणि नावाबरोबर किंमतही. नशीब, गरम पाण्याने काच तडकली नाही.

म्हणूनच या मुलीचं नख तळाच्या कागदावर फिरताना दिसलं, तेव्हा मी वर्गात ओरडलेच, "थांब!"

तुमच्याकडे अशी शोभेची काच नसेल, तर माळ्यावरचा कंदील उतरवा. जुन्या 'प्रभाकर' कंदिलावर नाव उठवलेलं सापडतं. हा ओगलेवाडीचा. आपल्याच सातारा रस्त्याने कराडला गेलं की जवळच ओगलेवाडी आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर ओगले बंधूंनी तिथे १९१६ मध्ये काचकारखाना उभारला. त्याआधी १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसाफंडाचा काचकारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक-एक पैसा मागून तो फंड जमवला होता. ओगल्यांचा कारखाना आता बंद आहे, तेव्हा कंदील धुताना नाव घासू नका.

तर, त्या कागदावर काय होतं? भिंगाने पाहिलं. 'मेड इन' एवढे दोनच इंग्रजी शब्द. देशाचं नाव नेमकं फाटलेलं!

पोरगी हिरमुसली. मग कुणीतरी म्हणालं, दुकानात नोटा तपासायचा निळसर दिवा असतो, त्याखाली धरू. पूर्वी काही कारखाने पिवळ्या-हिरव्या काचेत थोडंसं युरेनियम घालत. तशी काच या दिव्याखाली हिरवीगार चमकते. (दिव्यात टक लावून बघायचं नाही.) सगळी वरात किराणा दुकानात! फुलदाणी काही चमकली नाही.

मी तिला वहीत लिहून दिलं : हाताने फुगवलेली, वापरलेली, अखंड, मुंबईत घेतलेली, देश माहीत नाही. भाव ठरवायचा तर अशाच वस्तू खरोखर कितीला विकल्या गेल्या ते बघावं लागेल. दुकानदार सांगतो तो आकडा धरून चालत नाही. पन्नासाला मात्र देऊ नका, असं आजींना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी आजींचा उलटा निरोप आला. ती आजोबांनी कोणत्या साली आणली तेही वहीत लिहा म्हणाल्या. त्यांना आठवत होतं, थोरल्या मुलाच्या बारशाचं वर्ष, १९६८.