बोटीचे इंजिन धापा टाकते तेव्हा

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराने वस्त्याच्या वस्त्या वेढल्या. माणसे बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, हेलिकॉप्टरेही आली. टँकरच्या रांगांसाठी ओळखला जाणारा आपला धाराशिव जिल्हा; इथे बोटीचे काम पडेल असे कोणाच्या मनात नव्हते. पण अशा वेळी बोटीच्या मागच्या फळीला अडकवलेल्या इंजिनावर, म्हणजे आउटबोर्डवर, माणसांचे जीव अवलंबून असतात. ते मध्येच बंद पडले तर धारेत वल्ह्याचे काही चालत नाही.

हे यंत्र आपल्या कारागीर बांधवांना परके वाटते. आमच्या मते ते तसे नाही. ज्याने राजदूत, लूना किंवा जुनी बजाज स्कूटर खोलली आहे, फवारणीचा पेट्रोल पंप दुरुस्त केला आहे, त्याला यातला मोठा भाग ठाऊकच आहे. बचावकार्यातली बरीच इंजिने टू स्ट्रोकच असतात. टू स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या आणि ते हुन्नर असलेले उस्ताद मागे पडले. त्यांच्यासाठी हे काम आहे. मात्र गाडीच्या दोन-तीन सवयी इथे घातक ठरतात, त्या पुढे येतीलच.

इंजिन नीट चालत नाही म्हणून कोणी आले की पाना उचलण्याआधी विचारावे: सुरू होऊन दोन-तीन मिनिटांनी बसते, की स्लोवर ठीक चालते पण रेस घेत नाही, की रेस घेते पण बोट पळत नाही? या तिन्ही तक्रारींची मुळे बहुधा वेगवेगळी असतात.

सुरू होऊन थोड्या वेळाने बसत असेल तर कार्बोरेटरला हात लावू नये. आधी टाकीचे झाकण पाहावे. बाहेरच्या टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर आत हवा जात नाही आणि पेट्रोल खेचले जाणे थांबते. फुकटात निघणारा हा दोष आहे, आणि तोच राहून जातो. मग नळीच्या मध्ये असलेला रबरी फुगा दाबून पाहावा. त्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे आणि चार-सहा दाबांत तो कडक झाला पाहिजे. कडक होत नसेल तर नळी, तिच्या टोकाचे ओ-रिंग किंवा फुग्यातील व्हॉल्व्ह हवा घेतो आहे. इंजिन बसू लागले असता फुगा दाबला आणि ते पुन्हा उठले, तर दोष पेट्रोल पंपाच्या पडद्यात किंवा नळीत आहे असे समजावे.

आता पेट्रोलविषयी. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. प्रमाणाबाहेर पाणी आले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते, म्हणजे टू स्ट्रोक इंजिन तळातले खेचताना बिनतेलाचे चालते. गाडी रोज फिरते, तिची टाकी रिकामी होत राहते. बचावाची बोट मात्र वर्षभर पडून असते. म्हणून तळातले पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवावे. दोन थर दिसले की सगळे बदलावे. स्लोवर ठीक पण रेस नाही, अशा तक्रारीत जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेला जेट पुष्कळदा सापडतो. तो फुंकून आणि क्लीनरने साफ करावा. तार घालून भोक मोठे करू नये.

ऑइलही मोटारसायकलचे चालत नाही. आउटबोर्ड धरणाच्या गार पाण्याने थंड राहते, म्हणून त्याला टीसी-डब्ल्यू ३ प्रतीचे ऑइल लागते. पुष्कळ इंजिनांना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे २० लिटरला ४०० मिलि, असे प्रमाण असते. तरी त्या इंजिनाची पुस्तिका काय सांगते ते पाहावे.

पेट्रोल ठीक निघाले तर प्लग. दोन सिलिंडरपैकी एक मेले की इंजिन चालते, पण बोट पाण्यावर उचलत नाही. करंट पाहताना प्लगचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवूनच ठेवावा. वायर मोकळी ठेवून फिरवल्यास सीडीआय जळू शकतो, आणि तो महाग असतो. इंजिन मुळीच लागत नसेल तर चालकाच्या मनगटाला बांधायची लाल दोरी तिच्या खटक्यात आहे का, हे आधी पाहावे.

गाडीवाल्या मिस्त्रीची सर्वांत महागात पडणारी सवय म्हणजे स्टँडवर लावून कोरडी रेस मारणे. आउटबोर्डच्या खालच्या भागात पाणी खेचणारा रबरी पंखा असतो. पाण्याशिवाय काही क्षणांतच तो करपू लागतो. म्हणून प्रोपेलर काढून इंजिन २०० लिटरच्या पिंपात उभे करावे आणि प्रोपेलरवरची आडवी पट्टी बुडेल इतके पाणी भरावे. सुरू होताच बाजूने पाण्याची धार पडली पाहिजे. धार नसेल तर लगेच बंद. गाळ, प्लॅस्टिक, जलपर्णी यांनी छिद्रे बुजतात. पिंपात भार नसतो, तेव्हा तिथे गोड वाजणारे इंजिन धरणात पुन्हा कुरकुर करू शकते. खरी परीक्षा सीना-कोळेगावच्या किंवा माकणीच्या पाण्यावरच होईल.

रेस वाढते पण बोट पळत नाही, तिथे इंजिन निर्दोष असते. प्रोपेलरच्या आतील रबर सुटले असेल, किंवा शाफ्टवर जाळ्याचा दोरा गुंडाळला असेल. गिअरचे ऑइल दुधाळ निघाले तर पाणी आत जाते आहे, सील बदलावे.

हे काम मे महिन्यात मिळवावे. तहसील कार्यालये आणि मच्छीमार संस्था यांच्याकडे स्वतः जाऊन पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचे दर लेखी द्यावेत. प्लग, पाण्याचा पंखा, फुगा आणि ओ-रिंग एवढा माल जवळ असला तर बरेच काम निभावते. बोटीला अडकवण्याच्या कंसावरील पट्टीवर मॉडेल आणि क्रमांक असतो. तो वहीत उतरवून मगच मुंबई-पुण्याला माल मागवावा.