गिधाडे कशाने मेली?

आजचा विषय वाचून कोणी नाक मुरडले असेल तर त्याला आम्ही दोष देत नाही. गिधाड म्हणजे काही मोर नव्हे. तथापि आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना आठवत असेल की, मेलेला बैल गावाबाहेर ओढून नेला की आभाळात घिरट्या सुरू होत आणि थोड्याच वेळात केवळ सांगाडा उरे. १९९० नंतर या घिरट्या थांबल्या. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ मध्ये आपल्या देशात हजार होती असे धरले, तर २००७ मध्ये त्यांतले जेमतेम एक उरले होते.

जनावर आपले दुखणे सांगत नाही, आणि गिधाडाचे प्रेत तर आपल्या उन्हाळ्यात हाती येईपर्यंत कुजलेले असते. त्यामुळे निदान अंदाजानेच सुरू झाले. पहिला संशय गेला तो शेतातील फवारणीवर. पिकावरचे विष चाऱ्यात, चाऱ्यातून गुरात, गुरातून गिधाडात; साखळी पटण्यासारखी होती. डी.डी.टी.मुळे परदेशांत ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती फुटत, हे ठाऊकच होते. पण तेथे पिले निपजत नव्हती; येथे धडधाकट मोठे पक्षी मरत होते. दिवसचे दिवस मान खाली टाकून बसत आणि एके दिवशी झाडावरून पडत. मग एखाद्या विषाणूचा संशय आला. तोही हाती लागेना.

उलगडा झाला तो पाकिस्तानातील पंजाबात. लिंडसे ओक्स हे अमेरिकन पशुवैद्य आणि त्यांचे सहकारी तेथे ताजी प्रेते मिळवून चिरून पाहत होते. बहुसंख्य पक्ष्यांच्या काळजावर, यकृतावर खडूची भुकटी फासावी तसा पांढरा थर होता. पक्ष्यांच्या शरीरातील नको असलेले नत्र युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड बंद पडले की ते आतच साचते आणि त्याचे स्फटिक होतात. जड धातू, कीटकनाशके, जंतू, सर्व तपासले. काही सापडले नाही. तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलला. गिधाडाला कोणता रोग झाला, हे विचारायचे सोडून ते गुरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्याकडे गेले. गुरांना दिले जाणारे, मूत्रपिंडाला अपाय करणारे आणि पोटातूनही अंगात भिनणारे औषध कोणते? एकच नाव पुढे आले: डायक्लोफेनॅक. आपण गुडघेदुखीवर घेतो तेच!

स्फटिक आढळलेल्या २५ पक्ष्यांपैकी पंचविसांतही हे औषध सापडले. स्फटिक नसलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही नाही. मग हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना खाऊ घातले. पक्षी मेले, आणि आत तोच पांढरा थर. जानेवारी २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

येथे शंका येईल की, मरणाऱ्या गुरांपैकी अशी सुई टोचलेली असतील तरी किती? आम्हांलाही प्रथम हे खरे वाटले नव्हते. परंतु एका प्रेतावर सारा थवा बसतो, आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. गणित मांडणाऱ्यांना असे आढळले की, १३० ते ७६० प्रेतांमागे एक विषारी असले तरी एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे आहे.

यात शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. लंगडणाऱ्या बैलाला त्याने दयेपोटीच सुई देवविली. त्यामुळे प्रश्न औषध बंद करण्याचा जितका होता, तितकाच बैलाच्या वेदनेवर दुसरे काय द्यावे याचा होता. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांवरच तपासून निर्धोक ठरले, आणि २००६ मध्ये सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानांत होत्याच. त्या गोठ्यात पोचू लागल्या. २०१५ मध्ये सुईच्या औषधाची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. कीटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांचाही असाच घात दिसून आला. गुरांसाठी त्यांवर बंदी यायला मात्र २०२३ उजाडले. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-म्हसळ्याकडे पांढऱ्या पाठीची काही गिधाडे अजून झाडांवर घरटी बांधतात. त्यांचे पिलू अंडी घालण्याजोगे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात.